शनिवारची झुरळं

प्रिय झुरळवाली,

रागावू नकोस. मनातल्या मनात मी तुला याच नावानं हाक मारत आले आहे. समोर भेटलीस की "अहो, बऱ्या आहात ना" म्हणते, फोनवर "तिला स्वेटर घालून पाठवा" एवढंच म्हणते. पण घरी भांडी घासताना आणि चष्म्याच्या दुकानात भिंगं घासताना माझं तुझ्याशी जे भांडण चालतं, त्यात तू झुरळवाली असतेस आणि अगं-तुगंवर असतेस. समोरासमोर आपलं धड एक भांडणसुद्धा झालेलं नाही. आता लिहायला बसलेच आहे तर कागदावरही तूच म्हणते. अहो-जाहो करत इतकं खरं बोलायला मला जमणार नाही.

सवतीमत्सर असा एक शब्द आपल्या भाषेत आहे, पण तो माझ्या कामाचा नाही. नवऱ्यावरून मला तुझा कधीच हेवा वाटला नाही. आमचा संसार तू मोडला नाहीस. तू आलीस तेव्हा तो मोडून, झाडून, कचरा बाहेर ठेवून वर्ष उलटलं होतं. साऱ्या शहराच्या लिफ्ट दुरुस्त करणारा तो माणूस घरात मात्र कायम दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेला असायचा. तुझ्याकडे तो दार उघडून बाहेर आला असेल तर मला आनंदच आहे. पण त्यामुळे झालं काय, तुझ्यावर रागवायला मला रीतसर कारणच मिळालं नाही. कारण असलं की माणूस कधीतरी माफ करून मोकळा होतो. बिनकारणाचा राग फार चिवट.

हेवा वाटला तो खारूवरून. तुला ती ताठ मानेची, हातावर झुरळ घेऊन फिरणारी मुलगी म्हणूनच ठाऊक आहे. आधीची ठाऊक नाही. गालात शेंगदाणे साठवून गप्प बसायची म्हणून आम्ही तिला खारू म्हणायला लागलो, आणि गप्प बसायची कारण तिला सगळ्याचीच भीती वाटायची. मिक्सरच्या आवाजाची, कुत्र्याची, फळ्यासमोर जायची. झुरळाचं तर विचारूच नकोस. मोरीत एक दिसलं की ही पलंगावर आणि मी चप्पल घेऊन मोरीत. झोपताना माझ्या गाऊनची बाही मुठीत धरायची, मी कूस बदलली की झोपेतच बाही शोधायची. शनिवार-रविवार बाबांकडे असं ठरलं तेव्हा पहिले कित्येक शनिवार ती जिन्याचा कठडा धरून रडली. मी वरून म्हणत होते, "जा गं, बाबा वाट बघताहेत." ते तोंडानं. आतून ते रडणं मला साखरेसारखं गोड लागत होतं. मग तू त्या घरात आलीस, आणि थोड्याच दिवसांत एका शनिवारी ती रडलीच नाही. मी आंघोळ करून येते तो ही बूट घालून तयार.

रविवारी संध्याकाळी परत आली ती बोलतच. "आई, मावशी झुरळं पाळते! तिच्या प्राण्यांच्या दुकानातल्या सरड्यांना आणि कोळ्यांना घालायला. ती झुरळं आपल्या मोरीतल्यासारखी नसतात. उडत नाहीत, गुळगुळीत भिंतीवर चढत नाहीत. अंडी पण घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. आणि कात टाकली ना, की पांढरीशुभ्र दिसतात, सायीसारखी." माझ्या हातात डाव होता. इतकी वाक्यं सलग मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकली होती, मला आठवेना. दुसरी कुणी शहाणी असती तर खाली बसून म्हणाली असती, सांग बाई, अजून सांग. मी म्हणाले, "हात धुतलेस का?" तिनं हात धुतले आणि पुढचं सगळं गालात साठवून ठेवलं.

तिथून आमच्या घरात "मावशी म्हणते" सुरू झालं. मावशी म्हणते, अंड्यांचे ट्रे डब्यात आडवे नाही, उभे ठेवायचे, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि झुरळांना दाटीवाटीनं बसायला आवडतं. मावशी म्हणते, झुरळ कोळ्याच्या डब्यात सोडताना त्याचं डोकं चिमटायचं, नाहीतर ते मातीत घुसून बसतं आणि कोळी उपाशी राहतो. मावशी म्हणते, खाऊ घालायच्या आधी दोन दिवस झुरळाला चांगलंचुंगलं द्यायचं, कारण जे झुरळाच्या पोटात तेच कोळ्याच्या पोटात. झुरळाच्या खाण्यापिण्यावर जेवण संपेपर्यंत चर्चा, आणि मी पहाटे उठून केलेल्या डब्याबद्दल विचारलं तर, "बरा होता." तिच्या वाढदिवसाला मी स्वेटर विणला, तू तिला टॅरेंटुला दिलीस. तळहाताएवढी केसाळ कोळीण. पोरीनं तिचं नाव ठेवलं बाईसाहेब. माझा स्वेटर किती दिवस गाठोड्यात पडून होता ते विचारू नकोस. बाईसाहेबांचा फोटो मात्र माझ्या फ्रिजवर चिकटला, माझ्याच घरात, दुधाच्या पिशवीसाठी हात घातला की समोर.

शाळेत मुलांनी आपापल्या छंदावर बोलायचं होतं, तेव्हाची गोष्ट तुला तिनं सांगितली असेल, पण माझ्या बाजूची सांगितली नसेल. मी शेवटच्या रांगेत बसले होते. फळ्यासमोर उभं केलं की हिची वाचा जायची. ती आली, टेबलावर झाकणाचा डबा ठेवला आणि बोलली. न अडखळता. पुढच्या रांगेतली एक मुलगी किंचाळली तर हिनं तिला समजावलं, "घाबरू नकोस, ते तुला जास्त घाबरलंय." आणि शेवटी म्हणाली, "हे सगळं मला माझ्या मावशीनं शिकवलं." टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारची बाई वाकून मला विचारते, "तुमची बहीण का हो? फार धाडसी दिसते." बरोबरच आहे तिचं. मावशी म्हणजे आईची बहीण, दुसरं कोण असणार? मी म्हणाले, "हो." आणि टाळ्या वाजवत राहिले. तळहात चुरचुरेपर्यंत वाजवल्या. आजूबाजूच्यांना वाटलं असेल, काय कौतुक आहे आईला.

मग एका शनिवारी ती गणिताचं पुस्तक विसरली आणि मी ते द्यायला तुमच्याकडे आले. खोटं कशाला बोलू, पुस्तक मीच दप्तरातून काढून ठेवलं होतं. तू दार उघडलंस, कपाळावरचे केस मनगटानं मागे सारलेस आणि म्हणालीस, "या ना, आत आहे ती." ती मागची खोली उबदार, अर्धी अंधारी. भिंतीशी जाळीच्या झाकणांचे मोठे डबे. मला वाटलं होतं घाण वास येईल, तर तिथे जुन्या पुठ्ठ्याचा आणि कोरड्या धान्याचा वास होता. आतून सतत सळसळ, कुणीतरी वाळकी पानं बोटांनी चाळवावीत तशी. खारू गुडघ्यांवर बसली होती. तू तिच्याजवळ बसलीस, ट्रे उचललास, तिनं खालून बादली सरकवली, तू झटकलास, तिनं चाळणी धरली. लहान खाली, मोठी वर. तुम्ही दोघी एक अक्षर बोलत नव्हता. त्याचाच मला राग आला. माझ्याजवळ ती गप्प असते तेव्हा तिचं दार बंद असतं. तुझ्याजवळ गप्प होती आणि सगळं घर उघडं होतं. मी पुस्तक खुर्चीवर ठेवून निघाले. जिना उतरताना स्वतःशीच म्हणत होते, आयत्या बिळावर नागोबा. नऊ महिने मी वागवली, दात येताना मी जागले, बाराखडी मी गिरवून घेतली, आणि ही बाई चार झुरळं दाखवून...

आता हसशील. घरी येऊन मी ठरवलं, आपणही पाळायची. तुझ्याकडून घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस शोधला आणि त्याच्याकडून मूठभर आणली. येताना बसमध्ये डबा मांडीवर धरून बसले होते. शेजारचे आजोबा म्हणाले, "घरचं जेवण ते घरचं जेवण." मी मान डोलावली. घरी जुन्या कपाटाचा लाकडी खण घेतला, वर जाळी ठोकली. ही झुरळं गुळगुळीत प्लॅस्टिकवर चढत नाहीत, लाकडावर मात्र शिडी लावल्यासारखी चढतात, हा फरक मला कुणी सांगितला नव्हता. जाळीचा एक कोपरा सैल राहिला होता. दोन दिवसांनी दुकानात एक निवृत्त मुख्याध्यापक नवा चष्मा लावून बघत होते. मी विचारलं, "कसं दिसतंय?" ते म्हणाले, "उत्तम. टेबलावरचं झुरळसुद्धा स्पष्ट दिसतंय." ते माझ्या पर्समधून आलं होतं. मालकानं सगळ्यांसमोर मला पर्स पालथी करायला लावली. माणसाला झुरळासारखं झटकून टाकतात म्हणतात ना, तसं त्या दिवशी मला वाटलं.

तरी हटले नाही. प्लॅस्टिकचा डबा आणला. आणि मग मी त्यांची निगा राखली. अशी राखली की विचारू नकोस. माझा सगळा दिवस भिंगं पुसण्यात जातो, एक डाग सहन होत नाही. रोज ओल्या फडक्यानं डबा पुसायचे, रोज काकडी, रोज ताजं पाणी, रोज झाकण उघडून सगळी ठीक आहेत ना बघायचे. आठवडाभरात ट्रेला बुरशी आली. मला कळलंच नाही, मला वाटलं ट्रेचा रंगच तसा. शुक्रवारी खारूला म्हणाले, डोळे मीट, तुझ्यासाठी गंमत आहे, आणि झाकण उघडलं. तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. एकही हलत नव्हतं. मला वाटलं ती हसेल, किंवा रडेल. तिनं डबा हळूच बंद केला आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आई, तू त्यांना फार जीव लावलास. त्यांना कोरडं आवडतं, आणि एकटं सोडलेलं आवडतं. मावशी म्हणते, सारखं झाकण उघडायचं नाही." मी म्हणाले, बरं. डबा टाकून आले, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात काय रडायचं ते रडून घेतलं. मला मेलेल्या झुरळांचं दुःख नव्हतं, हे तुला सांगायला नको.

आणि मग या पावसाळ्यानंतर सगळं पालटलं. खारू रविवारी उतरल्या चेहऱ्यानं यायला लागली. एकदा म्हणाली, मावशी आता डब्यांच्या खोलीत येतच नाही, दारात उभी राहून सांगते. एकदा म्हणाली, मी ट्रे झटकत होते तर ती उठून गॅलरीत गेली आणि दार लावून घेतलं. एकदा म्हणाली, मी जवळ बसले की ती लांब सरकते. "ती कंटाळली मला." माझ्या मनात काय झालं असेल ते तू ओळखशीलच. वरवर मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. आत दिवे लागले होते. तिच्या आवडीचे बटाटे परतले, वर अंडं फोडलं, आणि ताट पुढे सरकवत म्हणाले, "असंच असतं बाळा. दुसऱ्याच्या मुलांचं कौतुक चार दिवस." ती जेवता जेवता थांबली. मग परत जेवायला लागली. त्या रात्री खूप दिवसांनी तिनं माझी बाही धरली.

मग बाईसाहेबांचं झालं. ती कात टाकायला पाठीवर उताणी पडली होती, आणि त्या वेळी तिचं अंग लोण्यासारखं मऊ असतं, डब्यात एकही झुरळ राहता कामा नये, हे तूच खारूला शिकवलेलं. खारू आठवडाभर माझ्याकडे होती. रोज संध्याकाळी डबा तू बघायचीस. पण एक झुरळ मातीत दडून राहिलं आणि त्यानं बाईसाहेबांचा एक पाय कुरतडला. खारूनं शनिवारी येऊन पाहिलं. तू म्हणालीस, "पुढच्या कातीला पाय परत येतो गं." तिनं विचारलं, "पण तू बघितलं का नाहीस?" आणि तू उठून गॅलरीत गेलीस. हे मला तिनं घरी येऊन सांगितलं, दात आवळून. पुढच्या शनिवारी तिनं बूट घातले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. लिफ्टवाला खाली हॉर्न वाजवून वाजवून गेला. मी खिडकीतून त्याला हातानंच नाही म्हणून सांगितलं. तिचे शनिवार माझे झाले. आम्ही दोघी बाजारात गेलो, तिला नवे बूट घेतले. ती हसली. जिंकले होते मी. बाजारातून येताना पाळीव प्राण्यांच्या दुकानावरून यायचं टाळलं, एवढंच.

आणि काल तू आलीस. मी आत यंत्रावर भिंग घासत होते, मालकानं हाक मारली. बाहेर येऊन बघते तर तू, नाकावर ओढणी, डोळे टोमॅटोसारखे लाल, पापण्या सुजलेल्या. माझ्याकडे तुझ्यासाठी किती वाक्यं तयार होती म्हणून सांगू, वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेली. तू विचारलंस, "खारू का येत नाही?" मी म्हणाले, "तिचं मन नाही." तू मान हलवलीस. आणि मग मला ऐकू आलं. तुझा श्वास. मंद आचेवर ठेवलेल्या किटलीसारखा बारीक शिट्टी घालत होता. मनगटांवर गांध्या उठल्या होत्या. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, "धूळ." भिंगांचं काम करणारीला धूळ सांगतेस? मी म्हणाले, कसली धूळ? तेव्हा तू चष्मा काढून काउंटरवर ठेवलास, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसलीस, अक्षरांच्या तक्त्याखाली, आणि सांगितलंस. झुरळांच्या कातीची आणि लेंड्यांची धूळ. इतकी वर्षं छातीत जात राहिली आणि आता अंगानं बंड केलं. डॉक्टर म्हणाले, डबे घराबाहेर काढा, नाहीतर एक दिवस श्वास परत येणार नाही. हे पावसाळ्यापासून चाललंय. तू गोळ्या खात राहिलीस, दारात उभी राहत राहिलीस, गॅलरीत जाऊन खोकत राहिलीस. पोरीच्या केसांत, कपड्यांत ती धूळ असायची म्हणून तिच्यापासून लांब सरकत राहिलीस. त्या आठवड्यात डोळे इतके सुजले होते की मातीतलं झुरळ तुला दिसलंच नाही.

मी विचारलं, मग पोरीला सांगितलं का नाहीत? तू ओढणीआडून म्हणालीस, "सांगितलं तर ती स्वतःच म्हणेल, देऊन टाक सगळं. मग ती माझ्याकडे कशाला येईल? तुम्ही आई आहात. तुम्हाला तिला बोलवायला काही लागत नाही. मला झुरळं लागतात."

यावर माणसानं काहीतरी बोलायला हवं होतं. मी काय केलं? काउंटरवर ठेवलेला तुझा चष्मा उचलला, पुसला, दांडीचा स्क्रू आवळला, तुझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सैल झाला होता." तू "थँक यू" म्हणालीस आणि गेलीस. काचेतून मी तुला रस्ता ओलांडताना बघत होते. मधेच थांबून दिव्याच्या खांबाला हात टेकलास, दम घेतलास, मग पुढे गेलीस. तुझ्यापासून लपवण्यात आता अर्थ नाही, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की बरं झालं. दुसरा विचार यायला पुष्कळ वेळ लागला. तो असा, की अरे, हीसुद्धा. मी इतकी वर्षं तुझ्यावर जळत होते आणि तू तिथे बसून माझ्यावर.

संध्याकाळी बटाटे सोलता सोलता मी सगळं जोखून पाहिलं. मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. डबे आज ना उद्या गेलेच असते. खारूचा राग तसाच राहिला असता, मग तो थंड झाला असता, मग मोठी होता होता ती तुला विसरली असती. मला बोटसुद्धा उचलावं लागत नव्हतं. समोर ती गृहपाठ करत होती. मान खाली, गाल फुगलेले. आत काय साठवलंय ते मला दिसत नव्हतं, आणि मला एकदम धडकी भरली, की ही पोरगी आता परत कधी बोलणारच नाही. मी सुरी खाली ठेवली आणि तिला सांगितलं. सगळं. तिनं डब्यांचं काही विचारलं नाही. विचारलं, "आता तिला श्वास घेता येतो ना नीट?" मी म्हणाले, औषध चालू आहे. मग ती माझ्यावर तुटून पडली. "तू म्हणाली होतीस, दुसऱ्याच्या मुलांचं कौतुक चार दिवस!" मी म्हणाले, "हो, म्हणाले होते. मला तसं व्हायला हवं होतं." तिनं वही मिटली. मग नाक पुसून म्हणाली, "आई, तू वेडी आहेस." तिनं वेडी म्हटल्याचं इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

आज सकाळीच लिफ्टवाल्याला फोन केला. इतकी वर्षं आम्ही फोनवर तीन वाक्यांच्या वर बोललो नव्हतो, आज बराच वेळ बोललो. दुपारी तो सगळे डबे गाडीत घालून माझ्याकडे आणणार आहे, बाईसाहेबांसकट. मी गॅसच्या मागची अडगळीची खोली रिकामी केली आहे, तिथे ऊब असते. लाकडाचं काही ठेवलेलं नाही. तू मदतीला येऊ नकोस, ओढणी बांधूनही नाही. तो डबे उचलेल तेवढा वेळ शेजारणीकडे जाऊन बस, आणि नंतर खोली दुसऱ्या कुणाकडून तरी पुसून घे. तुमच्या दुकानाला लागतील ती झुरळं आम्ही चाळून पाठवू. मला शिकवायला खारू आहे. तिला जे येत नसेल ते मी तुला फोनवर विचारीन, आणि तूही मला ओरडून सांग, मला सवय नाही पण होईल. खारू माझ्याकडे डब्यांत हात घालणार, म्हणून तिला मी तुझ्याकडे पाठवीन तेव्हा डोक्यावरून न्हाऊन, धुतलेल्या कपड्यांत पाठवीन. तिच्या छातीकडेही मी लक्ष ठेवीन. धूळ म्हणजे काय ते मला आता कळलंय.

माझा मत्सर गेला, असं मात्र समजू नकोस. उलट आता तो खरा सुरू होणार. आजवर मी मनाची समजूत घालत होते, की पोरगी झुरळांसाठी जाते, कोळिणीसाठी जाते, तुझ्यासाठी नाही. आता झुरळं माझ्याकडे येणार, कोळीणही माझ्याकडे येणार, आणि तरी ती तुझ्याकडे जाणार. काल तू जे म्हणालीस त्याला दुकानात मला उत्तर देता आलं नाही. ते आता न्हाऊन, ओल्या केसांची वेणी घालून दारात उभं आहे आणि "आई, झालं का लिहून" म्हणून घाई करतंय. आज बुधवार आहे. तुझा वार नाही, तिला शाळेला सुट्टी आहे, आणि "जाऊ का" हे तिनं स्वतःहून विचारलं. हे पत्र तिच्याच हाती देते आहे. पिशवीत दोन दिवसांचे कपडे आहेत, स्वेटर घातलाच आहे. तुझा स्वभाव मला जेवढा कळलाय त्यावरून सांगते, तू दारातच उभी राहून हे वाचत असशील आणि पोरगी जिन्यात ताटकळत असेल. पत्र राहू दे. आधी तिला आत घे.

तुझी,
पुढचा "च" लावायला अजून जड जातंय,
खारूची आई